संपाआधीची बोलणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी मालक आणि कामगार एकाच पंगतीला जेवायला बसायचे. मालक म्हणजे माझे थोरले चुलते, आबा. गावाजवळच्या सहकारी साखर कारखान्याचे ते सभासद होते आणि आमचा सगळा ऊस त्याच कारखान्याला जायचा. कामगार म्हणजे माझे वडील, अण्णा. ते त्याच कारखान्यात पॅन हाउसला हंगामी कामाला होते. हंगाम सुरू झाला की तीन पाळ्या आणि संपला की घरी. मधल्या महिन्यांत हाती पडायचा तो ‘रिटेन्शन’चा थोडा पैसा. कोल्हापूर जिल्ह्यात अशी घरं आजही शोधावी लागत नाहीत.

१९८० च्या दशकातल्या एका हंगामात कामगारांनी संप केला. वेतन कराराची मुदत संपून बराच काळ लोटला होता आणि नव्या कराराचं नाव कोणी काढत नव्हतं. आबांचा ऊस नेमका त्याच आठवड्यात तुटला होता. तोडलेला ऊस शेतात पडून राहिला की रोज वजनात घटतो, उताराही जातो. संध्याकाळी शेतावरून आल्यावर पायावर पाणी घेता घेता आबा मोठ्यानं म्हणायचे, “पगाराचं काय, आज ना उद्या मिळेल. माझा वाळलेला ऊस कोण भरून देणार?” अण्णा ऐकून घ्यायचे. चार दिवसांनी त्यांनीही एक वाक्य टाकलं, “तीन वर्षं आम्ही वाळतोय, ते कोणाला दिसलं नाही.” त्यानंतर दोघं भाऊ बोलेनासे झाले. आई दोघांमध्ये निरोप पोचवायची. संप मिटला, पण घरातला अबोला पुढच्या दिवाळीपर्यंत टिकला. करार झाला खरा, पण त्यातल्या फरकाचा शेवटचा हप्ता अण्णांना मिळाला तेव्हा माझ्या बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज त्याहून जास्त झालं होतं.

मला त्या वयात एकच प्रश्न पडला होता. संपानंतर जी माणसं एका खोलीत बसून बोलली, तीच माणसं संपाआधी का बसली नाहीत? पुढे मी अर्थशास्त्र शिकले, कॉलेजात शिकवू लागले, आणि जरा उशिराच प्रबंध लिहायला घेतला. विषय होता युरोपातल्या कामगार संघटना आणि मालक संघटना यांच्यातल्या वाटाघाटी. तिकडे त्याला ‘सामाजिक संवाद’ म्हणतात. आबा तेव्हा थकले होते, तरी त्यांनी विचारलंच, “अगं, तिकडचं कशाला? आपल्या कारखान्यातल्या बोलण्यांचा अभ्यास कर की.” मी हसून वेळ मारून नेली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण ते पटायला मला युरोपचा वळसा घालावा लागला.

श्रोतेहो, मी युरोपला गेलेले नाही. त्याची फारशी गरजही पडली नाही. तिथल्या करारांच्या प्रती, अहवाल आणि न्यायालयाचे निकाल सर्वांसाठी खुले असतात, आणि एकेक कागद अनेक भाषांत मिळतो. याउलट आपल्या जिल्ह्यातल्या एका जुन्या वेतन कराराची प्रत पाहण्यासाठी मी तीन ठिकाणी हेलपाटे घातले. शेवटी ती सापडली एका निवृत्त कामगाराच्या पत्र्याच्या पेटीत, विम्याच्या कागदांखाली. माझ्या संशोधनाचा पहिला धडा त्या पेटीनं दिला. करार झाला असं सगळे सांगतात, पण तो वाचलेला माणूस सहसा भेटत नाही.

पुढे मी प्रत्येक कराराला तीन प्रश्न विचारू लागले. बोलणीला कोण बसलं? केव्हा बसलं? आणि सह्या झाल्यावर अंमलबजावणी कोणी पाहिली? आज या तीन प्रश्नांच्या आधारानंच बोलते.

आधी युरोपचं पाहू. १९८५ च्या जानेवारीत युरोपीय आयोगाचे नवे अध्यक्ष झाक डेलोर यांनी कामगारांच्या आणि मालकांच्या युरोपीय महासंघांना ब्रुसेल्समधल्या ‘व्हाल द्युशेस’ नावाच्या जुन्या वाड्यात चर्चेला बोलावलं. देशादेशांमधल्या व्यापाराच्या भिंती तेव्हा पाडायच्या होत्या. भिंती पडल्या की भांडवल स्वस्त मजुरीकडे धावेल, ही कामगारांची धास्ती होती. नवे नियम आले की धंदा बुडेल, ही मालकांची. डेलोर यांचं म्हणणं असं, की दोन्ही भीती एकाच खोलीत बोलून दाखवा. सुरुवातीची काही वर्षं नुसती निवेदनं निघाली. मग १९९१ च्या ऑक्टोबरात दोन्ही बाजूंनी एका मसुद्यावर एकमत केलं, आणि १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराला जोडलेल्या सामाजिक मसुद्यात ते उतरलं.

त्यातली मुख्य तरतूद समजायला सोपी आहे. कामगारांविषयी कायदा करायचा असेल तर आयोगानं आधी दोन्ही बाजूंना विचारलं पाहिजे. ‘थांबा, हे आम्ही आपसात ठरवतो’ असं त्या म्हणाल्या, तर त्यांना नऊ महिने मिळतात. तेवढ्यात करार झाला, तर दोघांनी मिळून मागणी करायची आणि तो सगळ्या सदस्य देशांना बंधनकारक करता येतो. म्हणजे कामगार पुढारी आणि मालकांचा प्रतिनिधी यांनी लिहिलेली वाक्यं पुढे कायदा होऊ शकतात.

या रीतीनं झालेला पहिला करार कशाबद्दल असेल? मला वाटलं होतं, पगाराबद्दल. तो निघाला मूल झालेल्या कामगाराच्या रजेबद्दल. डिसेंबर १९९५ मध्ये सह्या झाल्या, पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. आई आणि बाप, दोघांनाही स्वतंत्रपणे किमान तीन महिन्यांची पालकत्व रजा. बापालासुद्धा! पाठोपाठ अर्धवेळ कामाचा करार १९९७ मध्ये आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीचा १९९९ मध्ये झाला. २००२ मध्ये झाला तो घरून काम करण्याबद्दलचा. काम घरून असलं तरी हक्क कार्यालयातल्या माणसाइतकेच, साधनांचा खर्च साधारणपणे मालकाचा, घरातल्या खासगीपणाचा मान राखायचा, अशा गोष्टी त्यात आहेत. कोरोना आला तो २०२० मध्ये. आपण सगळे तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर संगणक ठेवून विचार करत होतो, की विजेचं बिल मागायचं कोणाकडे. तिकडे त्यावर १८ वर्षं आधी बोलून झालं होतं. या कराराच्या मागे कुठला संप पेटलेला नव्हता. बोलणीला बसायची रीत चालू होती, म्हणून विषय वेळेत पुढ्यात आला.

आमच्या जिल्ह्याच्या माणसाला साखरेचं काय हे विचारल्याशिवाय राहवत नाही. तिथं साखर बीटापासून होते. शरद ऋतूत बीट काढणीला आलं की कारखाने रात्रंदिवस चालतात. आपण ज्याला हंगाम म्हणतो त्याला ते ‘कॅम्पेन’ म्हणतात. साखर उत्पादकांची युरोपीय संघटना आणि अन्न व शेती क्षेत्रातल्या कामगार संघटनांचा ‘एफाट’ हा महासंघ यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये एका आचारसंहितेवर सह्या केल्या. १ जानेवारी २००४ पासून ती लागू झाली. मानवी हक्क, प्रशिक्षण, सुरक्षितता, वेतन, कामाच्या अटी, कारखान्यात फेररचना करायची तर कामगारांशी कसं वागायचं, अशा आठ बाबींवर किमान पातळी ठरवली. आठवी बाब मी दोनदा वाचली. ज्यांच्याकडून आपण माल घेतो, त्या पुरवठादारांची निवड करतानाही त्यांचं वागणं पाहायचं, असं ती सांगते. आणि शेवटी, दरवर्षी अंमलबजावणीचा अहवाल दोघांनी मिळून काढायचा.

हे ऐकून तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. २००६ मध्ये युरोपीय संघानं साखरेचं धोरण बदललं, साखरेचा आधारभाव चार वर्षांत ३६ टक्क्यांनी खाली आणला, आणि कितीतरी कारखाने बंद झाले. आचारसंहितेनं ते वाचले नाहीत. केशकर्तनालयांतल्या मालक-कामगारांनी २०१२ मध्ये एक करार केला. सतत पाण्यात आणि रसायनांत हात घालून कातडी जाते, सांधे धरतात, त्यापासून संरक्षणाचा. आयोगानं तो कायद्यासाठी पुढे नेलाच नाही. केंद्रीय सरकारी कचेऱ्यांतल्या कर्मचाऱ्यांसाठी २०१५ मध्ये झालेल्या कराराचंही तेच झालं. कामगार संघटना न्यायालयात गेल्या. २०२१ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की करार पुढे न्यायचा की नाही हे ठरवायला आयोग मोकळा आहे. तेव्हा तिथंही बसलेल्या माणसांचं ऐकलं जाईलच अशी खात्री नाही.

खुर्चीचं भांडणही तिथं झालं. पालकत्व रजेच्या करारावर मालकांच्या बाजूनं मोठ्या उद्योगांच्या संघटनेनं सही केली. छोट्या उद्योजकांची संघटना म्हणाली, आमच्या वर्कशॉपमध्ये चार माणसं, त्यातला एक रजेवर गेला तर काम थांबतं, आणि आम्हाला विचारलंसुद्धा नाही. त्यांनी दावा लावला. १९९८ च्या जूनमध्ये ते हरले. पण निकालात न्यायालयानं एक तत्त्व घालून दिलं, की सह्या करणारे सगळे मिळून पुरेसे प्रातिनिधिक आहेत का, हे तपासलंच पाहिजे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मोठ्यांनी छोट्यांशी सहकार्याचा करार करून त्यांना आपल्या बाजूला बसवून घेतलं. हे वाचताना मला आपलं शिवाजी उद्यमनगर आठवत होतं. लेथ आणि फाउंड्रीची छोटी छोटी युनिट्स, जिथं मालक स्वतः कामगाराच्या शेजारी उभा राहून काम करतो. अशा मालकाचं म्हणणं मांडणारा माणूस बोलणीत असतो का?

आता आपल्याकडे येते. बोलणीला बसायची रीत आपल्याला नवी नाही. केंद्र सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय श्रम परिषद १९४२ पासून भरत आली. साखर उद्योगासाठी केंद्रीय वेतन मंडळं नेमली गेली ती १९५७ आणि १९६५ मध्ये. पुढे महाराष्ट्रात साखर कामगारांच्या वेतनासाठी त्रिपक्षीय समितीची प्रथा पडली. म्हणजे टेबल आपल्याकडेही आहे. अडचण आहे ती केव्हा बसायचं याची.

साखर कामगारांची १२ टक्के वाढ १ एप्रिल २०१९ पासूनची. ती ठरली २०२१ मध्ये. त्यानंतरची १० टक्के वाढ १ एप्रिल २०२४ पासूनची. ती ठरली २०२५ मध्ये. मधल्या काळात निवेदनं, मोर्चे, गाळप बंद करण्याचे इशारे. यातल्या कोणाला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. उसाचा दर, साखरेचा दर आणि बँकेचे हप्ते यांच्यात कारखाने पिळून निघतात, हे आबांच्या घरात वाढलेल्या मुलीला माहीत आहे. पण जुन्या कराराची मुदत कधी संपणार, ही तारीख तर पाच वर्षं आधीपासून सगळ्यांना ठाऊक असते ना? मग त्या तारखेच्या सहा महिने आधी समिती का बसू नये? उशिराचं व्याज कागदावर कुठे दिसत नाही. ते आमच्यासारख्या घरांनी भरलेलं असतं. देशपातळीवरही हेच. ४६ वी श्रम परिषद जुलै २०१५ मध्ये झाली, आणि पुढे ती वर्षानुवर्षं भरलीच नाही. नेमक्या त्याच काळात चार नव्या श्रमसंहिता तयार झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागूही झाल्या.

कोण बसलं, या प्रश्नाचं आपल्याकडचं सर्वांत महागडं उत्तर मुंबईनं दिलं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं उद्योगात एका मान्यताप्राप्त संघटनेला बोलणीचा अधिकार दिला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, आणि खुर्ची मात्र कायद्यानं दुसऱ्याच संघटनेची होती. ज्यांच्याशी बोलायचं त्यांना अधिकार नाही, ज्यांना अधिकार आहे त्यांच्यामागे कामगार नाहीत. गिरणगावाचं पुढं काय झालं, ते आपण जाणतो. नव्या संहितेत ५१ टक्के कामगार ज्या संघटनेच्या बाजूला, तिला बोलणीचा हक्क आहे. तशी संघटना नसेल, तर २० टक्क्यांच्या हिशेबानं प्रतिनिधी घेऊन वाटाघाट मंडळ करायचं आहे. हजेरीपटावरच्या कामगारासाठी हे ठीक आहे. हजेरीपटावर नाव नसलेल्यांचं काय, हा प्रश्न उरतो.

अंमलबजावणी कोणी पाहिली, याचं उदाहरण आपल्या इचलकरंजीत आहे. २०१३ च्या सुरुवातीला यंत्रमाग कामगारांचा मोठा संप झाला. तडजोडीत ठरलं, की वाढत्या महागाईचा हिशेब करून तो ५२ पिकाच्या मजुरीत बसवायचा आणि दरवर्षी सहायक कामगार आयुक्तांनी मजुरीवाढ जाहीर करायची. दरवर्षी नवा संप नको, म्हणून काढलेली ही तोड मला फार शहाणपणाची वाटते. पण आकडा जाहीर झाला तरी तो प्रत्येक कारखान्यात मिळतोच असं नाही. सुताचा भाव, विजेचा दर आणि कापडाची मंदी सांगून काही यंत्रमागधारक हात वर करतात. कामगार पुन्हा आयुक्तांच्या दारात. कुठे मिळाली, कुठे नाही, का नाही, याचा एकत्र अहवाल दरवर्षी दोन्ही बाजूंच्या सहीनं निघाला असता, तर निम्मी भांडणं आकड्यांवर मिटली असती.

आणि आता ज्यांच्यासाठी मी हे भाषण द्यायचं ठरवलं, त्यांच्याकडे वळते.

ऊसतोड कामगारांच्या दराचा करार आपण सगळे वर्तमानपत्रांत वाचतो. एका बाजूला राज्य सहकारी साखर कारखाना संघ, दुसऱ्या बाजूला ऊसतोड आणि वाहतूक कामगारांच्या संघटना, मध्ये लवाद. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली. मुदत तीन हंगामांची, २०२५-२६ च्या हंगामापर्यंतची. ३४ टक्के ही थोडी वाढ नव्हे. ती मिळवणाऱ्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण तारीख बघा. त्या हंगामाचं गाळप सुरू होऊन दोन महिने होत आले होते. निम्मा फड तोडून झाल्यावर कळलं, की तो काय दरानं तोडला.

त्याच हंगामात मी आमच्या भागातल्या एका टोळीच्या खोपटांवर गेले होते. थंडी होती, चुलीवर भाकरी चालू होती. पहाटे चारला फडात जाणारी बाई संध्याकाळी मुलांना घेऊन चुलीपुढे बसलेली. मी विचारलं, “दर वाढलाय, कळलं का?” ती म्हणाली, “मुकादमाला इचारा.” मी म्हटलं, “तुमचं नाव कुठं लिहिलंय का, मस्टरवर?” तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, “नाव कशाला? आमचा कोयता हाय.”

कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दोघं मिळून एक कोयता. उचल कोयत्याला, टनाचा हिशेब कोयत्याचा, आणि पैसे नवऱ्याच्या हातात. कारखाना उचल देतो वाहतूकदाराला, वाहतूकदार देतो मुकादमाला, मुकादम देतो कोयत्याला. या साखळीत कधी मुकादम पैसे घेऊन पसार होतो आणि कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला आपल्याकडचा तरुण वाहतूकदार बुडतो. कधी फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाची उचल मानगुटीवर बसते. मालक कोण, असं विचारलं तर प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो. ज्या बाईच्या हातात कोयता आहे, ती तर कागदावर अर्धीसुद्धा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. दुखण्यानं खाडा झाला तर दंड, बाळंतपणालाही रजा नाही, हे वास्तव त्या निमित्तानं सगळ्यांसमोर आलं. युरोपच्या टेबलावर पहिला करार मूल झालेल्या कामगाराच्या रजेचा झाला, हे मी मघाशी सांगितलं. तो वाचताना मला या चुलीपुढच्या बाईची आठवण होत होती. कारण त्या टेबलावर तो विषय काढणारी माणसं बसलेली होती.

आपल्याकडे बायका बोलल्या नाहीत असंही नाही. रविवारची साप्ताहिक सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी २४ एप्रिल १८९० ला मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली. हजारो कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघटनेनं सुटी मान्य केली. रविवारची पुरवणी हातात घेऊन आपण निवांत बसतो, त्यामागे त्या बोलणीचाही वाटा आहे.

मग उपाय काय? इथं मला आबांचं वाक्य आठवतं, ‘तिकडचं कशाला?’ कारण उपाय आपल्या महाराष्ट्रातच सापडला. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाचीही हीच दशा होती. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, मध्ये टोळीचा मुकादम, मालक कोणीच नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या चळवळींच्या काळात, १९६९ मध्ये, आपल्या राज्यानं माथाडी कायदा केला. त्यानं मंडळं नेमली. मंडळावर कामगारांचे आणि मालकांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं, शिवाय सरकारचे. हमालाची नोंद मंडळाकडे, मालकाची नोंद मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकानं मंडळात भरायची, आणि तिथून हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, दवाखाना. मालक रोज बदलला तरी कागद बदलत नाही. या मंडळांतही गैरप्रकारांच्या तक्रारी झाल्या, आजही होतात. तरी एक गोष्ट खरी, की ज्याला मालकच नव्हता त्याला कायद्यानं दाद मागायची जागा मिळाली, आणि बोलणीचं टेबल बारा महिने मांडलेलं राहिलं.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ राज्यानं केलं आहे. कारखान्यांकडून टनाला १० रुपये त्यासाठी घ्यायचे ठरले. कल्याण हवंच, मुलांना वसतिगृह हवंच. पण कल्याण देणारा एक आणि घेणारा एक असतो. मंडळावर दोघंही बसतात. माथाडीच्या धर्तीवर ऊसतोडीचं मंडळ झालं तर कोयत्याची नोंद दोन स्वतंत्र नावांनी करता येईल, नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी. पैसे दोन खात्यांत जातील. उचल नोंदली गेली की मुकादम पळाला तरी वाहतूकदाराच्या हातात पुरावा राहील. यात कारखान्याचाही फायदा आहे, कारण टोळ्या वेळेवर येतील की नाही ही दर दसऱ्याची धाकधूक कमी होईल. काम अवघड आहे. ही माणसं सहा महिने इथं, सहा महिने गावी. पण माथाडी कायद्याच्या वेळीही हेच म्हणत होते, की फिरत्या हमालाची नोंद कोण ठेवणार.

निदान एवढं तरी व्हावं. पुढचा करार हंगामाच्या मध्यावर होऊ नये. नांगरट, लावण, पाळ्या यांना जशी तिथी असते, तशी बोलणीलाही असावी. आषाढात बसावं, टोळ्या गाव सोडायच्या आत दर ठरावा, आणि ठरलेला कागद सोप्या मराठीत छापून प्रत्येक खोपटावर पोचावा. बोलणीला बसणाऱ्यांत फडात कोयता चालवलेल्या दोन-तीन बायका असाव्यात. आणि हंगाम संपल्यावर दोन्ही बाजूंनी मिळून सांगावं, की ठरलेलं किती दिलं, किती राहिलं.

आबा आणि अण्णा दोघंही आज नाहीत. अण्णांच्या निवृत्तीनंतरची एक गोष्ट सांगून थांबते. एका संध्याकाळी मी प्रबंधाचे कागद घेऊन सोप्यात बसले होते. अण्णांनी विचारलं, तिकडे संपाच्या आधी खरंच बसतात का? मी सांगितलं, नेहमी नाही, पण बसायचं असं ठरवून ठेवलेलं आहे. अण्णा काही बोलले नाहीत. आबा पलीकडे सुपारी कातरत होते. ते म्हणाले, “त्या साली आम्हा सभासदांना आधी कोणी सांगितलं असतं, की करार तीन वर्षं थकलाय, तर वार्षिक सभेत मीच उठून विचारलं असतं.” अण्णा म्हणाले, “मी तुला घरात सांगायला पाहिजे होतं.”

एकाच घरात राहणाऱ्या दोघा भावांना एवढं बोलायला वीसेक वर्षं लागली.